‘जीव कशात तरी अडकलाय’ म्हणण्याआधी : प्रवचनकार आणि धर्मगुरूंना खुले पत्र

सन्माननीय प्रवचनकार, कीर्तनकार, महाराज, मौलाना, फादर आणि भन्ते,

सविनय नमस्कार.

आम्ही पॅलिएटिव्ह केअरमध्ये काम करणाऱ्या परिचारिका, डॉक्टर आणि स्वयंसेवक. आजार बरा होणार नाही हे ठरल्यावर उरलेल्या महिन्यांत, आठवड्यांत आणि तासांत माणसाच्या उशाशी बसणं हे आमचं काम. आम्ही त्या खोलीत पोचतो तेव्हा तुम्ही तिथे आधीच असता. प्रत्यक्ष नसलात तरी तुमचं कधीतरी ऐकलेलं वाक्य असतं, मोबाइलवर फिरत आलेला तीन मिनिटांचा तुकडा असतो. घरातली माणसं आमची चिठ्ठी बाजूला ठेवतात आणि तुमचं वाक्य धरून चालतात. म्हणून हे पत्र आरोग्यमंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत.

तुमच्याशी आमचं भांडण नाही. आमच्या कामाचा पाया घालणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या शुश्रूषेचं घर, उभं केलं. मरणाऱ्या माणसाचं दुखणं चार पदरी असतं, असं त्या मांडत : शरीराचं, मनाचं, माणसांतलं आणि आत्म्याचं. एक पदर ताणला की बाकीचे तीन आवळतात. औषध वाढवत नेलं तरी दुखणं हटत नाही, तपासणीत नवं काही सापडत नाही आणि रात्री दोन वाजता रुग्ण विचारतो, ‘मीच का?’ त्याचं उत्तर आमच्या पेटीत नसतं. तिथे तुम्ही हवे असता. नेमकं त्याच जागी तुमच्या शब्दांनी दुखणं वाढतं, ही आमची तक्रार.

सर्वात आधी ते वाक्य : ‘जीव कशात तरी अडकलाय.’

शेवटच्या एक-दोन दिवसांत श्वासाची चाल बदलते. तो खोल होत जातो, मग उथळ होत जातो, मग थांबतो. वीस सेकंद, तीस सेकंद. सगळे पुढे सरकतात, कुणीतरी नाकाशी हात धरतं, आणि एकदम मोठा श्वास येतो. पुन्हा तेच. जॉन चेन आणि विल्यम स्टोक्स या डब्लिनमधल्या दोन डॉक्टरांनी 19व्या शतकात हे नोंदवून ठेवलं, म्हणून त्याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. मेंदूतलं श्वासाचं केंद्र रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडला उशिरा आणि मग गरजेपेक्षा जास्त दाद देऊ लागलं की ही भरती-ओहोटी सुरू होते. पाय गार पडतात, गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटते, लघवी कमी आणि गडद होते. थुंकी गिळता येत नाही म्हणून ती घशात साचते आणि तिच्यातून हवा जाताना घरघर होते. हे सहा तास चालेल की तीन दिवस, ते बरंचसं हृदय किती दणकट आहे यावर ठरतं. कॅन्सर झालेल्या पंचेचाळिशीच्या माणसाला ऐंशीच्या माणसापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. त्याची वासना जास्त होती म्हणून नव्हे, त्याचं हृदय चांगलं होतं म्हणून.

पण वाक्य उच्चारलं गेलेलं असतं. मग घरात शोध सुरू होतो : इच्छा कुणाची राहिली, कुणी माफी मागितली नाही, सून कधी काय बोलली होती. अखेरचे सहा तास चौकशीत जातात आणि त्या चौकशीचा निकाल कुणीतरी पुढची वीस वर्षं बाळगतं. कानाशी जाऊन ‘तुम्ही निवांत जा, आम्ही सांभाळू’ म्हणणं फार चांगलं, आम्हीही ते सुचवतो. पण ते निरोपाचं वाक्य आहे. किल्ली फिरवल्यासारखं ते लगेच लागू पडलं नाही, तर कुणाचा दोष शोधायचा नाही. घरघरीचा त्रास बहुधा ऐकणाऱ्यांना होतो, रुग्णाला होत नाही. त्याला एका कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच ठेवा. घशात खोलवर नळी घालून ओढाओढ केली तर रक्त येतं आणि घरघर तासाभरात परत सुरू होते.

दुसरी तक्रार अंतकाळच्या स्मरणाची आहे आणि तिच्यावर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत.

शेवटच्या क्षणी मुखात नाम नसेल तर सगळं वाया, हे तुम्ही इतक्यांदा सांगता की लोक मरणाकडे तोंडी परीक्षेसारखं पाहू लागतात. जीभ कोरडी पडलेल्या, शुद्ध हरपत चाललेल्या माणसाचा खांदा हलवून ‘म्हणा, म्हणा’ चालतं. तो म्हणू शकत नाही आणि मग मुलं आमच्याकडे येऊन विचारतात, आता त्यांचं काय होणार?

गीतेच्या आठव्या अध्यायातला पाचवा श्लोक, ‘अंतकाले च मामेव’, तुम्ही सांगता. सहाव्यातलं ‘सदा तद्भावभावितः’ आणि सातव्यातलं ‘तस्मात्सर्वेषु कालेषु’ तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं पाठ आहे. सदा, सर्व काळी. शेवटचा विचार आयुष्यभराच्या ओढीतूनच येतो, असं तिथे म्हटलं आहे. श्रीवैष्णव परंपरेत वराह चरम श्लोक आहे. धडधाकट असताना ज्याने माझं स्मरण केलं, तो शेवटी लाकडा-दगडासारखा पडला असेल तर ‘अहं स्मरामि मद्भक्तम्’, मीच त्याची आठवण ठेवतो, असं त्यात देव सांगतो. बेशुद्ध रुग्णाच्या घरच्यांना देण्यासारखं यापेक्षा मोठं काही आम्हाला तरी माहीत नाही. तो श्लोक प्रवचनात ऐकू येत नाही. शेवटी मुलाला ‘नारायणा’ अशी हाक मारून तरलेल्या अजामिळाची गोष्ट मात्र दर वेळी असते.

इस्लाममध्ये मरणाऱ्याजवळ कलमा म्हणण्याची रीत आहे, तल्कीन. तो हळू म्हणावा, आग्रह करू नये आणि त्याने एकदा म्हटला की पुन्हा पुन्हा म्हणायला लावू नये, असं फिकहचे, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे, जाणकार बजावतात. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत 1963 साली स्पष्ट केलं की आजाऱ्याचा अभ्यंगविधी (पवित्र तेल लावून करायची प्रार्थना) फक्त अखेरच्या घटकेसाठी नाही; आजारपणाने किंवा म्हातारपणाने धोका जाणवू लागला की त्याची योग्य वेळ आलेलीच असते. तरी घरचे फादरना शेवटच्या तासाला बोलावतात, कारण फादर दारात दिसले की रुग्ण घाबरेल असं त्यांना वाटतं. परंपरा हळुवार आहेत, घाई आपण केली.

आणि बेशुद्धीतही ऐकू येत असावं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचे आलेख घेतले आणि 2020 साली ते प्रसिद्ध केले. काही जणांचा मेंदू आवाजातला फरक टिपत होता. त्यांना अर्थ कळत होता का, हे त्या आलेखावरून सांगता येत नाही, पण खोलीत बोलताना तो ऐकतो आहे असं धरूनच बोलावं. मालमत्तेचं बोलणं दाराबाहेर. नाम घ्यायचं तर एकानेच, कानाजवळ, रुग्णाच्या श्वासाच्या लयीत घ्यावं आणि मध्ये थांबावं. दहा जणांचं भजनी मंडळ टाळांसकट दोन तास खोलीत बसलं की रुग्णाच्या कपाळावर आठ्या पडतात, मुठी आवळल्या जातात, श्वास जलद होतो. त्या आठ्या वाचायला शिका. बोलता न येणाऱ्या माणसाचं ‘पुरे’ असंच दिसतं.

आता मॉर्फिन, तीव्र दुखण्यावरचं औषध. ‘दुखणं म्हणजे प्रारब्ध, भोगून संपवायचं’ आणि ‘गुंगीत गेलेल्या जीवाला गती नाही’, या दोन वाक्यांमुळे भरलेली पट्टी उशाखाली राहते आणि माणूस रात्रभर कण्हतो.

तोंडाने घ्यायचं मॉर्फिन साधारणपणे 5 मिलिग्रॅमपासून दर चार तासांनी सुरू करतात. वय जास्त असेल किंवा किडनी थकलेली असेल तर 2.5 पासून, आणि वेळेतलं अंतर वाढवून. दुखल्यावर घ्यायचं असं नसतं, घड्याळ लावून घ्यायचं असतं, म्हणजे दुखणं डोकं वर काढत नाही. पहिले दोन-तीन दिवस झापड येते, काहींना मळमळते; दोन्ही बहुधा ओसरतात. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून द्यावं लागतं. ते विसरलं की चौथ्या-पाचव्या दिवशी पोट फुगतं, रुग्ण बेचैन होतो आणि घरचे म्हणतात, ‘औषध सोसलं नाही.’ बेतशीर डोस चढवत नेला तर त्याने श्वास बंद पडत नाही. पहिल्या डोसानंतर माणूस दहा तास झोपला तर ती बऱ्याचदा आधीच्या पंधरा रात्रींची थकबाकी असते. दुखणं आटोक्यात आलं की तो उठून बसतो, नातवाशी बोलतो, पोथी मागतो. हाडांत कॅन्सर उतरलेल्या माणसाला ध्यान लागत नाही. त्याला फक्त दुखणं लागलेलं असतं. (डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. हे आकडे भीती घालवण्यासाठी दिले आहेत, स्वतः घेण्यासाठी नाहीत.)

शेवटच्या दिवसांत कधी कधी खरोखर गुंगी द्यावी लागते, कारण दुसरा इलाज उरलेला नसतो. पोप पायस बारावे यांनी फेब्रुवारी 1957 मध्ये भूलतज्ज्ञांना सांगितलं होतं की दुसरा उपाय नसेल तर शुद्ध हरपणार असली, आयुष्य थोडं कमी होणार असलं, तरी वेदना शमवणं धर्माला मान्य आहे. इतकं स्पष्ट वाक्य आम्हाला सगळ्याच पीठांकडून हवं आहे. 2014 साली एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनच्या वाटेतले परवान्यांचे अडथळे कमी झाले. मनातला परवाना मात्र अजून तुमच्या टेबलावर पडून आहे.

दुखणं म्हणजे पापाचं फळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं आठवावं : रामकृष्ण परमहंस 1886 साली घशाच्या कॅन्सरने गेले. रमण महर्षींच्या हाताला सार्कोमा (एक प्रकारचा कॅन्सर) झाला होता, चार वेळा शस्त्रक्रिया झाली आणि 1950 साली ते गेले. बुद्धांनी दोन बाणांचं उदाहरण दिलं आहे. पहिला शरीराला लागतो, दुसरा मनाला, आणि दुसरा टाळता येतो. पहिला बाण काढायला आम्ही आहोत. ‘हे तुझ्या कर्माचं’ म्हणत तुम्ही दुसरा मारू नका.

गंगाजल, तुळस, झमझम, तीर्थ : यांवर बंदी घाला असं आम्ही म्हणत नाही, प्रमाण सांगतो. गिळण्याची क्रिया मंदावली की चमचाभर पाणीसुद्धा श्वासनळीत जातं. ठसका देण्याची ताकद नसल्यामुळे ते दिसत नाही, मग ताप आणि धाप येते. तुळशीचं अख्खं पान घशाशी चिकटून बसतं. कापसाचा बोळा किंवा मऊ स्पंज बुडवा, पिळा आणि ओठ, हिरड्या, गालाची आतली बाजू ओली करा. एक थेंब ओठावर. तेवढंच तीर्थ पुरतं. ते दर अर्ध्या-एक तासाने दिलं तर कोरड्या तोंडाचा त्रासही कमी होतो. ऑक्सिजन चालू असेल तर निरांजन, उदबत्ती, कापूर त्या खोलीत नको. ऑक्सिजन मुरलेली चादर ठिणगीने भडकते. ऑक्सिजन नसला तरी धुराने धाप लागते.

भुईवर घेण्याबद्दलही. जीव जायच्या आत जमिनीवर घ्यायलाच हवं म्हणून चार जण काखेत हात घालून उचलतात. कॅन्सरने पोखरलेलं मांडीचं हाड अशा उचलण्यात मोडतं. आम्हाला विचारलंत तर प्राण गेल्यावर घ्या. आधीच घ्यायचं असेल तर जाड गादी जमिनीवर घाला, मॉर्फिनचा डोस देऊन अर्धा-पाऊण तास थांबा, अंगाखालची चादर गुंडाळून दोन्ही बाजूंनी धरा आणि एका सुरात, चादरीसकट खाली न्या. थंड फरशीवर सतरंजी टाकून नाही.

मुहूर्ताचं थोडक्यात, कारण इथे आमचा संयम तोकडा पडतो. मृत्यूला अशुभ मानलेलं पंचक धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंत चालतं, म्हणजे प्रत्येक चांद्रमासात साधारण पाच दिवस. तेवढे टळावेत म्हणून व्हेंटिलेटर चालू ठेवायची विनंती होते. दक्षिणायनात गेला म्हणून बायको वर्षभर झुरते. शरपंजरी वाट पाहणारे भीष्म तुम्ही रंगवता; ‘अतश्चायनेऽपि दक्षिणे’ हे ब्रह्मसूत्र (4.2.20) तुम्ही वाचलेलं आहे. दक्षिणायनात गेला तरी ज्ञानी माणसाचं फळ चुकत नाही, असं ते सांगतं. निदान मृत्यूच्या आधी मुहूर्त काढून देऊ नका.

जेवणाबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी घोळ आहे. एकीकडे ‘उपाशी मारलं’ हा आरोप. तो टाळायला घरचे नाकातून नळी घालायचा आणि सलाइन लावायचा हट्ट धरतात. शेवटच्या दिवसांत शरीर अन्न वापरत नाही. माणूस जेवत नाही म्हणून मरत नसतो. मरणाकडे निघाला म्हणून जेवत नसतो. सलाइनचं पाणी रक्तात टिकत नाही, हातापायांवर सूज येते आणि फुफ्फुसात व घशात स्राव वाढतात. भूक बहुधा लागत नाही. तहान वाटते ती कोरड्या तोंडाची, तिचा उपाय वर आला आहे.

दुसरीकडे, जेवण सुटलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या घरी ‘प्रायोपवेशन’, ‘संथारा’ असे अन्नत्यागाने मरण स्वीकारण्याचे शब्द फिरू लागतात. विनोबांनी नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला हृदयविकारानंतर अन्न, पाणी आणि औषध सोडलं आणि 15 नोव्हेंबरला देह ठेवला. तो पूर्ण शुद्धीतला, आयुष्यभराच्या साधनेतून आलेला निर्णय होता. जैन सल्लेखनेला, म्हणजेच संथाऱ्याला, गुरूंची अनुमती लागते, त्याग पायरीपायरीने होतो, आणि राग, भीती किंवा कंटाळ्यातून घेतलेलं व्रत ग्राह्य नसतं. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये तिला आत्महत्या ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या निकालाला स्थगिती दिली. विषय किती नाजूक आहे ते यावरून कळावं. म्हणून एखादी आजी ‘मला काही नको’ म्हणाली की तिला व्रतस्थ ठरवण्याआधी तिचं तोंड उघडून पाहा. जिभेवर पांढरा थर, म्हणजे बुरशी असते. कवळी टोचत असते. आठ दिवस पोट साफ झालेलं नसतं. किंवा ती खचलेली असते, आणि खचण्यालाही औषध आहे.

म्हातारपणाबद्दल तुम्ही बोलता तेव्हा विषय एकच असतो : सोडा. आसक्ती सोडा, घर सोडा, मुलांत गुंतू नका. समोर बसलेल्या बाईच्या डोळ्यांनी तिला आधीच सोडलेलं असतं, कानांनी सोडलेलं असतं, नवरा गेलेला, मैत्रिणी गेलेल्या. तिच्याकडे सोडायला उरलंय काय? वैराग्य तिच्यावर आणखी एक नुकसान म्हणून जाऊन पडतं. ऐंशीव्या वर्षी बुद्धांनी स्वतःच्या शरीराला दोऱ्यांनी बांधून चालवलेल्या जुन्या गाडीची उपमा दिली. त्यात तक्रार नव्हती आणि उपदेशही नव्हता. असं बोला. ‘आपुले मरण पाहिले म्यां डोळां’ हा अभंग मरणशय्येशी म्हणताना एवढं लक्षात असू द्या की तुकोबा तिथे जिवंतपणी मेलेल्या अहंकाराबद्दल बोलतात, समोरच्या माणसाच्या शेवटच्या श्वासाबद्दल नाही. आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांना प्रवचनातून वगळू नका. मुलाचं नाव विसरलेली माणसं लहानपणची आरती अनेकदा शेवटच्या ओळीपर्यंत म्हणतात.

मेलेली आई दिसते, भाऊ न्यायला आलाय, असं रुग्ण सांगतो. हे पुष्कळांना होतं आणि बहुतेकांना त्याने धीर येतो. अंगारा, उतारा, मांत्रिक यांतलं काही लागत नाही. दिसणाऱ्या गोष्टीने तो घाबरत असेल, अंगावरचे कपडे ओढत असेल, संध्याकाळनंतर ओळख विसरत असेल, तर तो बहुधा वात, म्हणजे आजारातला भ्रम, आहे आणि कारण बऱ्याचदा साधं असतं : लघवी तुंबलेली, मळ साचलेला, जंतुसंसर्ग, एखादं औषध. आम्हाला बोलवा.

आमच्या मागण्या.

‘जीव अडकलाय’, ‘प्रारब्ध भोगतोय’ आणि ‘नाम आलं नाही तर गती नाही’ ही तीन वाक्यं रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या समोर बोलू नका. व्यासपीठावर तत्त्वचर्चा म्हणून बोलायचीच असतील तर ग्रंथातला पुढचा श्लोकही सांगा.

तुमच्या पीठातून, मठातून, मशिदीतून, चर्चमधून, विहारातून वेदनाशामक औषधाबद्दल एक लेखी वाक्य काढा : ते घेणं अधर्म नाही. सहीसह. आम्ही ते रुग्णाच्या घरी दाखवू.

वर्षातलं एक प्रवचन वैद्यकीय इच्छापत्राला द्या. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 रोजी पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. मला यंत्रांवर ठेवायचं का आणि माझ्या वतीने कोण बोलेल, हे माणसाने शुद्धीत असताना लिहून ठेवलं तर मुलांना अतिदक्षता विभागाच्या दारात भांडावं लागत नाही. आम्ही हे सांगितलं की लोकांना अभद्र वाटतं.

आणि भेटायला जाल तेव्हा उभे राहू नका. खुर्ची ओढून रुग्णाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. पंधरा मिनिटं पुरेत. हात धरण्याआधी विचारा. ‘सगळं ठीक होईल’ म्हणू नका. तो बहुतेक जाणून असतो आणि त्या वाक्याने एकटा पडतो. ‘आज मनात काय आहे?’ एवढं विचारून गप्प राहा. तो रडला तर थांबवू नका. देवावर चिडला तर देवाची बाजू मांडू नका.

तुमच्यापैकी ज्यांना हे करायचं आहे त्यांनी जवळच्या पॅलिएटिव्ह केअर केंद्रात एक आठवडा आमच्याबरोबर फिरावं. सकाळच्या फेरीला या, चपला बाहेर काढा, हात धुवा. पहिल्या दिवशी फक्त ऐकायचं आहे.

आपले नम्र,
उशाशी बसणारे काही जण